घोटवळ ब्लूजची तिसरी ओळ

सकाळची फेरी संपवून मी डेपोतून घरी येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी डॉल्बीची गाडी आडवी. आमच्या मिशन गल्लीत हातगाडी शिरताना भांडणं होतात, आणि ह्या शहाण्यानं टेम्पोभर स्पीकर आत घातले होते. पिंपळाच्या कट्ट्यापाशी ते अडकून बसले होते. पुढं गुलालात माखलेली पोरं नाचत होती. मी खांद्यावरची तिकीट मशीनची बॅग सांभाळत, "सरका, पुढं सरका," करत वाट काढली. एवढी वर्षं एसटीत कंडक्टर आहे म्हटल्यावर गर्दीतून वाट काढायला मला कुणी शिकवायला नको. पण मधेच थबकले. कान देऊन ऐकलं तर गाणं आमचं होतं! म्हणजे माझ्या नवऱ्याचं.

"नळाला आलं पाणी बघा, पिवळं आलं पाणी,
नळाला आलं पाणी बघा, पिवळं आलं पाणी..."

आवाज शांतवनचाच. पण त्याचा तो रेंगाळणारा, रडवेला आवाज कुणीतरी मशीनमध्ये घालून पळवला होता. खाली हलगी लावली होती, मधे मधे शिट्ट्या. आणि माझा नवरा जिथं गप्प होतो आणि नुसती गिटार वाजते, तिथं दुसराच कुणी गडी बोंबलत होता:

"डुबलदादाला मत द्या, शुद्ध येईल पाणी!"

की पोरांच्या उड्या सुरू. एकानं तर बाटली डोक्यावर ओतून घेतली.

शांतवन दुकानाच्या पायरीवर उभा होता. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, पुढं दुकान, मागं घर. त्याच्या हातात तांब्याच्या तारेचं रीळ तसंच होतं.

"अरे, हे काय चाललंय?" मी ओरडले.

"माझ्या गाण्यावर नाचतायत," तो म्हणाला.

"ते दिसतंय मला. तू काय बघत उभा राहिलायस?"

त्यानं मानेनंच समोर दाखवलं. समोरच्या दारात सगुणा उभी होती. पदर तोंडात धरला होता आणि नाचणाऱ्या पोरांकडं टक लावून बघत होती.

आता हे नीट सांगायला हवं. लग्नाआधी मी आणि शांतवन चर्चच्या कॉयरमध्ये एकत्र गायचो, त्यामुळं मी त्याला अरेतुरे करते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. सासरे मिशनच्या दवाखान्यात माळी होते. तिथला एक परदेशी डॉक्टर गाव सोडून गेला तेव्हा कॅसेटींचं एक खोकं सासऱ्यांना देऊन गेला. सासऱ्यांना वाटलं, भक्तिगीतं असतील. निघाली अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गाणी, कापसाच्या रानात राबणाऱ्यांची. शांतवन तेव्हा शाळेत होता. त्याला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण ती ऐकून तो रडला म्हणे. तेव्हापासून हे ब्लूजचं भूत त्याच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच. दिवसभर जळक्या मोटारी उघडायच्या आणि संध्याकाळी गिटार घेऊन कण्हत बसायचं.

"एकच ओळ दोनदा का म्हणतोस रे?" मी लग्नानंतर विचारलं होतं.

"त्याची रीतच आहे तशी. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा."

"पण दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा कुणी ऐकत नाही म्हणून."

डॉल्बी गल्लीत शिरला त्याच वर्षी त्यानं एकदाचा अल्बम काढला होता. 'घोटवळ ब्लूज'. घोटवळ म्हणजे आमचं हे तालुक्याचं गाव. सांगलीच्या एका स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केला आणि इंटरनेटवर टाकला. एक गाणं रस्त्यातल्या खड्ड्यांवर, एक चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर, एक कचरा डेपोच्या धुरावर, एक डिग्री घेऊन कट्ट्यावर बसलेल्या पोरांवर. बंद केलेल्या रात्रीच्या मुक्कामी एसटीवर एक होतं, ते माझ्या तोंडून निघालेल्या शिव्यांवरून केलेलं. शांतवनला वाटलं होतं, आता गावात आग लागेल. दुकानावर दगड येतील म्हणून त्यानं शटरला तेलपाणीसुद्धा केलं.

दगड कुठले! पालिकेच्या बांधकाम खात्यातल्या साहेबांचा फोन आला. "आवळे, खड्ड्यांचं गाणं एक नंबर. आमच्या मिसेसनं रिंगटोन ठेवलीय." खड्डे त्यांच्याच खात्याचे. फ्लेक्सच्या गाण्याबद्दल अभिनंदन करणारा मोठा फ्लेक्स चौकात लागला, शांतवनचा फोटो एवढासा आणि शुभेच्छुकांची तोंडं ओळीनं. पाळकबाबा म्हणाले, "शांतवनभाऊ, देवानं दिलेला गळा, तो नगरपालिकेवर कशाला झिजवता?" हा एकटाच माणूस निदान नाराज तरी झाला.

"मी ज्यांना शिव्या दिल्या ते सगळे थँक्यू म्हणतायत," शांतवन मला म्हणाला. "माझं काय चुकतंय एस्तर?"

मी जेवायला वाढलं.

पण पाण्याचं गाणं वेगळं होतं. ते सगुणासाठी होतं.

सगुणा लोंढे आमच्या समोर राहायची. नवरा सेंट्रिंगच्या कामावर, एकुलती एक मुलगी रेणू. दोन वेण्या घालायची, दुकानात येऊन शांतवनच्या मोटारींचे जुने मॅग्नेट मागून न्यायची. आदल्या पावसाळ्यात गल्लीत काविळीची साथ आली. नळाचा पाइप गटारीतून आलेला, तो फुटला होता आणि पिवळं पाणी येत होतं. बरेच जण आजारी पडले, बाकीचे उठले. रेणू उठली नाही. तिसरीत होती पोर.

त्यानंतर सगुणा बदलली. पूर्वी मी ड्युटीवरून येऊन तिच्या पायरीवर टेकले की हाक मारायच्या आत तांब्या-पेला घेऊन बाहेर यायची. आता बसलं तरी पाणी विचारायची नाही. पाहुणा दारात आला तरी नाही, नवऱ्याला हाक मारायची आणि आत निघून जायची. नळाला पाणी आलं की भरायचा नवराच. गल्लीतल्या बाया बोलायच्या, दुःख आहे मान्य, पण आल्यागेल्याला घोटभर पाणी न विचारण्याएवढं काय? मलाही राग यायचा, खोटं कशाला बोलू. घसा सुकवून आलेल्या माणसाला पाणी देऊ नये ही कुठली तऱ्हा!

ती शांतवनकडं एकच गोष्ट मागायला आली होती. "दादा, तुम्ही सगळ्या गावाची गाणी करताय. माझ्या रेणूचं नाव एका गाण्यात घाला. नाहीतर गेल्याचं कुणाला कळायचं पण नाही."

"घालतो," शांतवन म्हणाला होता.

आणि तेवढंच त्याला जमलं नाही. दोन ओळी झाल्या आणि तिसरी येईना. रात्रंदिवस डोकं खाजवलं, शेवटी तिसऱ्या ओळीच्या जागी नुसती गिटार वाजवून गाणं पूर्ण केलं. सगुणानं ते ऐकलं आणि विचारलं, "नाव कुठाय?" शांतवन म्हणाला, "जागा ठेवलीय गं." ती घरी निघून गेली.

त्या ठेवलेल्या जागेत आता डुबलदादा येऊन बसले होते.

दिग्विजयदादा डुबल तेव्हा विरोधी पॅनेलचे पुढारी होते आणि नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. गाणं संपल्यावर ते स्वतः टेम्पोच्या केबिनमधून उतरले आणि शांतवनला मिठी मारली. दुकानाच्या पायरीवर गुलालच गुलाल झाला.

"शांतवनराव! काय लिहिलंय! पार वाभाडे काढलेत हो त्या थोरवताच्या सत्तेचे!"

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं," शांतवन म्हणाला.

"म्हणून तर आम्ही घातलं. पोरं म्हणाली, दादा, एक ओळ रिकामीच आहे. म्हटलं, वाया कशाला घालवायची?"

"विचारायचं तरी!"

"आता विचारतो की. चालेल ना?" दादा हसले, त्यांच्या मागची पोरं हसली. "वहिनी, तुमच्या गल्लीचा पाइप पहिल्या मीटिंगला मंजूर. शब्द आहे डुबलांचा."

"दादा, हा पाइप गटारीतून घातला कुणी?" मी विचारलं. घातला होता त्यांच्या वडिलांनी, नगराध्यक्ष असताना. उद्घाटनाची फरशी अजून कट्ट्याला आहे.

"त्या काळी ती गटार नव्हती वहिनी, ओढा होता," दादा म्हणाले आणि टेम्पोत बसले. टेम्पो मागं घेताना पिंपळाची एक फांदी मोडली.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब थोरवतांची रिक्षा आली. हे सत्तेत होते. भाऊसाहेबांना वयोमानानुसार डॉल्बी सोसत नव्हता, म्हणून त्यांनी त्याच गाण्याखाली मृदंग आणि टाळ घातले होते. तिसऱ्या ओळीला एक बाई गोड गळ्यानं म्हणत होत्या:

"थोरवत भाऊंच्या कृपेनं, फिल्टरचं येईल पाणी!"

भाऊसाहेब चालत आले, सगळ्यांना हात जोडत. शांतवनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, डुबलांच्या पापाचा पाढा वाचलास. असा कलावंत गावाला पाहिजे."

"भाऊसाहेब, पाइप त्यांनी घातला हे खरं. पण एवढी वर्षं बदलला नाही कुणी?"

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. "प्रस्ताव आहे," म्हणाले.

झालं! सकाळी हलगीवर पिवळं पाणी, संध्याकाळी टाळमृदंगावर पिवळं पाणी. गल्लीतली बारकी पोरं दोन्ही तिसऱ्या ओळी पाठ करून फिरायला लागली. माझ्या गाडीत एक आजोबा तिकीट काढताना गुणगुणत होते. मी म्हटलं, "आजोबा, सुट्टे द्या आणि गाणं बंद करा." त्यांना काय माहीत बिचाऱ्यांना.

शांतवन पोलीस ठाण्यात गेला. मीही गेले, कारण त्याला भांडता येत नाही. फौजदारसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"दोघांविरुद्ध," शांतवन म्हणाला.

"तसं नसतं हो आवळे. एकाविरुद्ध द्या, दुसऱ्याची शंभर माणसं साक्षीला येतील. दोघांविरुद्ध दिल्यावर तुमच्या बाजूनं बोलणार कोण?"

"मी बोलते की," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही सरकारी नोकरीत आहात ना? आचारसंहिता आहे," ते म्हणाले. मग शिपायाला चहा सांगितला आणि शांतवनला हळूच म्हणाले, "त्या मुक्कामी गाडीच्या गाण्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं बरं का. आमच्या गावाकडची पण बंद केलीय." ह्या माणसाशी भांडावं तरी कसं?

आठवड्याभरात सांस्कृतिक मंडळाची माणसं आली. गावानं शांतवनचा जाहीर सत्कार करायचा ठरवला होता. 'घोटवळ भूषण' पुरस्कार, हायस्कूलच्या पटांगणावर, संध्याकाळी पाच वाजता. कार्यक्रम अगदी बिगरराजकीय. म्हणून प्रमुख पाहुणे भाऊसाहेब थोरवत आणि अध्यक्ष दिग्विजयदादा डुबल. एकाला बोलावून दुसऱ्याला टाळलं असतं तर राजकारण झालं असतं, असं मंडळाच्या सेक्रेटरींनी समजावून सांगितलं.

"मी येणार नाही," शांतवन म्हणाला.

सेक्रेटरींचं तोंड पडलं. आमच्याकडं सत्कार नाकारायची पद्धतच नाही. माणसाला काही बोलायचं असलं तर त्याला शाल घालतात, मग तो बोलत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे नारळ घेऊन घरी जातात. "असं करू नका हो," ते म्हणाले. "शाली आणल्यात."

ते गेल्यावर सगुणा दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दादा, जा तुम्ही."

"सगुणा, ते गाणं आता माझं राहिलं नाही, आणि तुझंही नाही. त्या दोघांचं झालंय ते."

"म्हणूनच जा. रेणूचं नाव घालतो म्हणाला होतात. सगळ्या गावापुढं घाला."

शांतवननं हातातली पक्कड खाली ठेवली. "रोज बसवून बघतो गं. 'रेणू गेली' असं म्हणून बघितलं. पण माझ्या तोंडून ते त्या डुबलच्या बोंबल्यासारखंच वाटतं, कुणीतरी बाहेरून ओरडल्यासारखं. ती ओळ माझ्यापाशी नाही."

"मग कुणापाशी आहे?"

त्यानं नुसतं तिच्याकडं बघितलं. सगुणा निघून गेली. मी शांतवनवर भडकले. "अरे, त्या दोघांच्या पंटरांना ओळ सुचते, आणि तुला एका पोरीचं नाव बसवता येत नाही? लाज वाटत नाही?" तो म्हणाला, "वाटते." मग माझाच राग गेला.

तर शेवटी आम्ही गेलो. स्टेज हे एवढं मोठं, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. शांतवनला मधे बसवलं होतं, एका बाजूला भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला दादा. गिटार त्यानं मांडीवर आडवी धरली होती. हार, फेटे आणि पाहुण्यांची टेबलं ह्यांत तिला दुसरीकडं जागाच नव्हती. मी खाली बायकांच्या रांगेत पुढं बसले. बाजूला सगुणा. पलीकडं भजनी मंडळाच्या बाया, स्वागतगीताला आलेल्या. सगुणा पूर्वी ह्याच मंडळात गायची, गळा चांगला होता तिचा. रेणू गेल्यापासून तोंड उघडलं नव्हतं.

सूत्रसंचालन कॉलेजचे एक सर करत होते. प्रत्येक वाक्याला एक शेर. मग प्राचार्य उठले. त्यांनी ब्लूज ह्या विषयावर माहिती काढली होती. "अमेरिका अमेरिका काय घेऊन बसलात?" ते म्हणाले. "ही गायकी मुळात आपली! ह्याच मातीतून ती तिकडं गेली, आणि आज आवळेंच्या रूपानं माहेरी आली!" टाळ्या झाल्या. मग मंडळाच्या अध्यक्षांनी मंडळाच्या माजी अध्यक्षांचा सत्कार केला. माजी अध्यक्षांनी आजी अध्यक्षांचा केला. मंडपवाल्याचा झाला, साउंडवाल्याचा झाला. साउंडवाला तोच, डॉल्बीचा. त्यानंच ते गाणं पळवलं होतं, आणि शांतवनच्या हस्ते त्याला नारळ दिला.

दादा बोलले. समाजातल्या ज्वलंत प्रश्नांवर कलावंतानं बोललं पाहिजे, ह्यावर बोलले. भाऊसाहेब बोलले. कलावंतानं बोललं पाहिजे पण तोल सांभाळून बोललं पाहिजे, ह्यावर बराच वेळ बोलले. दिवस मावळायला आला. लोक चुळबुळ करायला लागले.

तेव्हा सूत्रसंचालकांना एकदम आठवलं. ते शांतवनच्या कानाशी वाकले, पण माइक चालूच होता. "आवळेसाहेब, वेळेअभावी पूर्ण गाणं नको. फक्त दोन ओळी म्हणा."

मी कपाळावर हात मारून घेतला.

शांतवन उभा राहिला. फेटा काढून खुर्चीवर ठेवला, गिटार गळ्यात घातली. आणि म्हणाला त्या दोन ओळी. त्याच्या मूळच्या चालीत, सावकाश, प्रत्येक शब्द ओढत. डॉल्बीवर नाचून नाचून जी ओळ सगळ्या गावाच्या अंगात भिनली होती, ती पहिल्यांदाच लोक अशी ऐकत होते.

"नळाला आलं पाणी बघा, पिवळं आलं पाणी..."

दोनदा म्हटली आणि थांबला. सांगितल्याबरहुकूम दोन ओळी झाल्या होत्या. गिटारसुद्धा वाजवली नाही.

डावीकडून दादांची पोरं गरजली, "डुबलदादाला मत द्या, शुद्ध येईल पाणी!" उजवीकडून भाऊसाहेबांची माणसं उठली, "थोरवत भाऊंच्या कृपेनं, फिल्टरचं येईल पाणी!" हशा, शिट्ट्या, टाळ्या. स्टेजवर दोन्ही पुढारी खूष होऊन हात हलवत होते. बिगरराजकीय कार्यक्रम एकदम रंगात आला.

शांतवन हलला नाही. आवाज खाली बसेपर्यंत वाट बघितली, आणि पुन्हा तीच ओळ धरली. पुन्हा दोनदा. पुन्हा थांबला. ह्या वेळी पोरं ओरडली, पण जरा कमी. मग तिसऱ्यांदा त्यानं ओळ धरली. आता कुणाला हसावं की नाही ते कळेना. सूत्रसंचालक घड्याळ दाखवत होते. शांतवन त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो खाली बघत होता, आमच्या रांगेकडं. तेव्हा मला कळलं की हा ओळ विसरलेला नाही, हा वाट बघतोय. दुसऱ्यांदा ओळ संपली आणि तो गप्प झाला.

सगुणा माझ्या शेजारून उठली. तिनं माइक मागितला नाही की कुठं गेली नाही. जागेवरच उभी राहिली, आणि भजनात झील धरतात तशी, डोळे मिटून तिसरी ओळ उचलली:

"रेणूनं मागितलं घोटभर, मीच पाजलं पाणी."

पटांगण असं गप्प झालं की मागच्या झाडावरचे कावळे ऐकू यायला लागले. तिच्या दारात पाणी का मिळत नव्हतं ते मला त्या एका ओळीत कळलं. वर्षभर आम्ही बाया काय काय बोललो होतो! मला रडूच फुटलं, आणि मी काही रडणारी बाई नाही.

भजनी मंडळाच्या बायांना सवय होती, एकीनं उचललं की बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पण त्यांचेही ओठ हलले नाहीत. ही ओळ कुणाला मागून म्हणता येण्यासारखी नव्हती. दादांच्या पोरांना नाही, भाऊसाहेबांच्या माणसांना नाही. शांतवननं मान खाली घालून हलकेच गिटारचा सूर लावला, एकच, आणि तोही थांबवला.

सूत्रसंचालकांना शेर आठवेना. ते माइकमध्ये म्हणाले, "यानंतर... यानंतर..." आणि जे रोज म्हणतात तेच तोंडातून निघालं, "यानंतर सत्कार!"

भाऊसाहेब मुरलेले गृहस्थ. शाल त्यांच्या हातात तयारच होती, शांतवनसाठी आणलेली. ती घेऊन ते पायऱ्या उतरले आणि सरळ सगुणाच्या खांद्यावर घातली. आपण मागं पडू नये म्हणून दादा नारळ घेऊन धावले. फोटोवाला पुढं आला. दोघंही त्याच्याकडं बघून उभे राहिले, मधे सगुणा.

सगुणानं शाल काढली. भाऊसाहेब बघत असताना तिची नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"मला थंडी नाही वाजत," ती म्हणाली. आणि निघाली. मी तिच्या मागं निघाले. शांतवन स्टेजवरून उतरून आमच्या मागं आला, फेटा आणि 'घोटवळ भूषण'ची फ्रेम तिथंच राहिली. नंतर ती मंडळानं सांभाळून ठेवली आणि पुढच्या वर्षी नाव बदलून दुसऱ्याला दिली.

दुसऱ्या दिवसापासून ते गाणं दोन्ही गाड्यांवरून गायब झालं. चौथ्या दिवशी गल्लीत खुदाई सुरू झाली. कट्ट्याच्या बाजूनं दादांची माणसं खणत आली, चर्चच्या बाजूनं भाऊसाहेबांची. दोघांचा पाइप वेगळा, दोघांचं उद्घाटन वेगळं, मधे आमच्या दुकानापुढं दोन्ही पाइप समोरासमोर आले आणि जुळले नाहीत. निवडणूक कोण जिंकलं ते सांगत नाही, सांगून फरकही पडणार नाही. आज आमच्या गल्लीत घरटी दोन नळ आहेत. एकाला पाणी येतं. दुसऱ्याला उद्घाटनाच्या दिवशी आलं होतं.

पण येतं ते स्वच्छ येतं, हे सांगायला हवं.

शांतवनला लोक म्हणाले, आता ती ओळ रेकॉर्डमध्ये घाल, गाणं पूर्ण होईल. त्यानं नाही घातली. म्हणाला, ती जिची आहे तिनं एकदा म्हटली, पुरे झालं. रेकॉर्डवर त्या जागी अजून नुसती गिटारच वाजते. गल्लीत कुणाच्या घरी ते गाणं लागलं तर तिथं कुणी बोलत नाही, बारकी पोरंसुद्धा. रेणूचं नाव सगळ्यांना माहीत आहे.

नवीन नळाला पाणी आलं त्या आठवड्यातली गोष्ट. भर उन्हात दुपारची फेरी करून आले, पाय दुखत होते, म्हणून घरी न जाता सगुणाच्याच पायरीवर टेकले. काही न बोलता. सगुणा आत होती. भांड्यांचा आवाज आला. मग ती बाहेर आली, हातात तांब्या आणि वर पालथा घातलेला पेला. पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. थोडं माझ्या साडीवर सांडलं.

"घे अक्का," ती म्हणाली. "उकळलेलं आहे."

मी प्यायले. पेला तिच्याकडं दिला आणि म्हटलं, "अजून एक दे गं."